वहीतला नफा आणि घरखर्च

प्रश्न : मी ३३ वर्षांचा मेकॅनिकल इंजिनिअर असून कोल्हापूरजवळच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात नोकरी करतो. महिन्याला हातात ५८,००० रुपये पडतात, घराच्या कर्जाचा हप्ता १७,५०० रुपये आहे, पत्नी घर सांभाळते आणि मुलगी चार वर्षांची आहे. महाविद्यालयात असल्यापासून मी पोकर खेळतो. पूर्वी ऑनलाइन खेळत होतो. ऑगस्ट २०२५ मध्ये ते बंद झाल्यापासून महिन्यातून साधारण दोनदा पणजीला कॅसिनोत जातो. १४ महिन्यांत २६ फेऱ्या आणि ५२ रात्री झाल्या. प्रत्येक रात्रीचा हिशेब मी वहीत लिहिला आहे. २९ रात्री मिळून १४,२०,००० रुपये जिंकलो, २३ रात्री मिळून १०,१०,००० रुपये हरलो, म्हणजे ४,१०,००० रुपये निव्वळ नफा झाला. टेबल २५०-५०० च्या ब्लाइंडचे असते, म्हणजे डाव सुरू होण्याआधी दोघांनी सक्तीने लावायच्या रकमा २५० आणि ५०० रुपयांच्या असतात. आता नोकरी सोडून गोव्यात राहावे आणि हाच व्यवसाय करावा असे मनात आहे. आठ लाखांची बचत आहे, शिवाय भविष्यनिर्वाह निधी काढता येईल. दारू नाही, सिगारेट नाही, रागाच्या भरात खेळत नाही. पत्नीचा विरोध आहे, पण तिने आपले उत्तर मान्य करण्याचे कबूल केले आहे. कृपया नीतीचा उपदेश न करता केवळ पैशाच्या अंगाने सांगावे.

उत्तर : आपण हरलेल्या रात्रीही लिहिल्या आहेत, ही गोष्ट मला सर्वांत आधी नोंदवावीशी वाटते, कारण माझ्या व्यवसायात खेळणाऱ्यांच्या अनेक वह्या मी पाहिल्या आणि त्यांतल्या फार थोड्यांत हरलेला आकडा सापडला. आपला हिशेब प्रामाणिक आहे म्हणूनच त्याच्यावर काही बोलता येते. आपण सांगितल्याप्रमाणे मी पैशाच्या बाहेर जाणार नाही.

प्रथम प्राप्तिकर पाहू. पत्ते, जुगार, पैज यांतून जिंकलेल्या रकमेवर सरसकट ३० टक्के कर लागतो आणि त्यावर ४ टक्के उपकर धरला की तो ३१.२ टक्के होतो. १९६१ च्या कायद्यात ही तरतूद कलम ११५बीबीमध्ये होती. १ एप्रिल २०२६ पासून नवीन आयकर कायदा लागू झाला, कलमांचे क्रमांक बदलले, पण तत्त्व तेच राहिले. या उत्पन्नाला करमुक्त मर्यादेचा लाभ नाही, त्यातून प्रवास, खोली, जेवण असा कोणताही खर्च वजा होत नाही, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हरलेली रक्कम जिंकलेल्या रकमेतून वजा करता येत नाही. आपण ज्याला नफा म्हणता तो ४,१०,००० रुपयांचा आकडा कायद्याच्या दृष्टीने अस्तित्वातच नाही. कायद्याला दिसतात ते १४,२०,००० रुपये.

त्यावरचा कर होतो ४,४३,०४० रुपये. म्हणजे आपल्या संपूर्ण निव्वळ नफ्यापेक्षा कर ३३,०४० रुपयांनी जास्त आहे. हा हिशेब मी आपल्या बाजूने झुकवून केला आहे, कारण एकाच रात्रीत झालेले चढउतार मी आपल्यासारखेच एकत्र धरले आहेत. आता कोल्हापूरहून पणजीपर्यंतचे जाणेयेणे, दोन रात्रींची खोली आणि जेवण यांसाठी फेरीमागे अगदी काटकसरीने ४,५०० रुपये धरले तरी २६ फेऱ्यांचे १,१७,००० रुपये होतात. ते मिळवल्यावर १४ महिन्यांची गोळाबेरीज दीड लाखाच्या तोट्यावर येते. नेमके सांगायचे तर १,५०,०४० रुपयांच्या.

आपण पूर्णवेळ खेळाडू झालात तर हे उत्पन्न धंद्याचे म्हणून दाखवता येईल आणि मग तोटा व खर्च वजा होतील, असे कुणी आपल्याला सांगितले असेल. या भरवशावर नोकरी सोडू नये. पत्त्यांच्या खेळातील जिंकलेल्या रकमेतून कोणताही खर्च वजा मिळणार नाही असे कायद्याचे शब्द स्पष्ट आहेत, आणि मी स्वतः कुणाच्या विवरणपत्रात असा दावा करणार नाही. आजवरची रक्कम आपण विवरणपत्रात दाखवली आहे का, हे पत्रात लिहिलेले नाही. दाखवली नसेल तर उशिराचे किंवा अद्ययावत विवरणपत्र भरण्याची सोय कायद्यात आहे, ती आधी वापरावी. त्यासाठी जादा कर पडेल, पण विभागाची नोटीस येण्याची वाट पाहण्यापेक्षा ते स्वस्त पडते.

दुसरा कर वस्तू व सेवा कराचा. कॅसिनोत चिप्स (पैशाऐवजी खेळात लावायच्या चकत्या) घेण्यासाठी दिलेल्या रकमेवर १ ऑक्टोबर २०२३ पासून २८ टक्के आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के जीएसटी आहे. आपल्या वहीत या कराचा रकाना नाही. तो कुणाच्या खिशातून जातो हे त्या त्या ठिकाणच्या व्यवहारावर अवलंबून असते, म्हणून पुढच्या वेळी पावती मागून पाहावी. जो पैसा कराच्या रूपाने टेबलावर येण्याआधीच बाजूला निघाला, तो कितीही कसबी खेळाडूला टेबलावरून जिंकता येत नाही.

तिसरी गोष्ट रेकची, म्हणजे प्रत्येक पॉटमधून, म्हणजे डावात जमलेल्या रकमेतून, कॅसिनो जो वाटा कापते त्याची. रूलेटमध्ये घराचा, म्हणजे कॅसिनोचा, वाटा उघड दिसतो: चक्रावर आकड्यांचे ३७ खाने असतात, आकडा लागला तर ३५ पट मिळतात, आणि या फरकातून घराला दर शंभर रुपयांमागे सरासरी २ रुपये ७० पैसे उरतात. पोकरमध्ये खेळाडू एकमेकांविरुद्ध खेळतात, म्हणून घर जणू तटस्थ आहे असे वाटते. समजा, आपल्या टेबलावर सरासरी पॉट ८,००० रुपयांचा होतो, त्यातून ५ टक्के म्हणजे ४०० रुपये कापले जातात आणि तासाला ३० डाव होतात. तर दर तासाला १२,००० रुपये त्या टेबलावरून कायमचे उठून जातात. सहा तासांच्या रात्रीत ते ७२,००० होतात आणि नऊ जण बसलेले असतील तर माणशी ८,००० पडतात. डीलरला दिलेली टीप वेगळी. नऊही जण सारखेच हुशार असतील तर पहाटे नऊही जण सरासरीने आठ-आठ हजारांनी हलके होऊन उठतील. आपल्याला केवळ बरोबरीत राहण्यासाठीसुद्धा समोरच्यांपेक्षा रात्रीला आठ हजारांनी सरस असावे लागते, आणि तसे कच्चे खेळाडू शुक्रवारी-शनिवारी सहलीला आलेल्या गर्दीत भेटतात. आपण आज याच दोन रात्री खेळता. पूर्णवेळ खेळू लागल्यावर सोमवार ते गुरुवार टेबलावर कोण बसलेले असते, हे एकदा चार दिवस रजा काढून, न खेळता, नुसते पाहून यावे. तिथे बहुधा आपल्यासारखेच वही ठेवणारे लोक असतील.

आता कर पूर्णपणे बाजूला ठेवू आणि आपण खरोखर किती चांगले खेळता हे वहीवरून कळते का ते पाहू. ५२ रात्री, रात्रीला सहा तास, तासाला ३० डाव, म्हणजे सुमारे ९,३६० डाव झाले. ऑनलाइन खेळणारा एवढे डाव पूर्वी एका आठवड्यात संपवत असे. नो-लिमिट होल्डेम या पोकरच्या प्रकारात दर शंभर डावांमागे चढउताराचे प्रमाण विचलन, म्हणजे निकाल सरासरीपासून साधारण किती दूर जातो याचे माप, ८० ते १०० मोठ्या ब्लाइंडचे असते. आपला मोठा ब्लाइंड ५०० रुपयांचा आहे; विचलन ९० धरले तर ९,३६० डावांत निव्वळ नशिबाने होणारा चढउतार सुमारे ४,३५,००० रुपयांचा येतो. आपला नफा ४,१०,००० रुपयांचा आहे. ज्याच्या अंगी इतरांपेक्षा तसूभरही जास्त कसब नाही, जो दीर्घकाळात बरोबरीतच राहणार आहे, अशा माणसालाही एवढा किंवा याहून जास्त नफा सहांतून एकदा दिसतो. आपण कसबी नाही असे मी म्हणत नाही. आपली वही ते सिद्ध करू शकत नाही, एवढेच म्हणतो. आपला आजचा वेग, म्हणजे डावांमागचा सरासरी नफा, खरा मानला तरी नशिबापासून तो पुरेसा वेगळा दिसायला सुमारे ४२,००० डाव लागतील, आणि सध्याच्या फेऱ्यांच्या हिशेबाने त्याला पाच वर्षे लागतात. खरा वेग याच्या निम्मा असेल तर चौपट डाव लागतात.

पत्नीच्या विरोधाचे कारण मला पुढच्या हिशेबात दिसते, म्हणून त्यावर थोडे थांबतो. समजा, आपला खरा वेग आजच्या निम्मा आहे आणि आपण महिन्याला १२० तास खेळता. तर सरासरी उत्पन्न महिना ७९,००० रुपये येते. पगारापेक्षा ते जास्त आहे, म्हणून मोह होणे स्वाभाविक आहे. मात्र त्याच महिन्याचा चढउतार २,७०,००० रुपयांचा असतो. याचा अर्थ चांगला खेळाडू असूनही आपले दहापैकी जवळजवळ चार महिने तोट्यात जातील, आणि ते एकाआड एक असे शिस्तीत येणार नाहीत. सलग तीन-चारही येतील.

आता आठ लाखांचे भांडवल घेऊन बसलात आणि त्यातून घरासाठी एक रुपयाही काढला नाही, तर कधी ना कधी ते सगळे बुडण्याची शक्यता सुमारे १८ टक्के आहे. पण घर तर चालवायचे आहे. हप्ता, किराणा, मुलीची शाळा, गोव्यातील खोलीचे भाडे हे सगळे मिळून महिन्याला फक्त ५५,००० रुपये काढले, तर तीच शक्यता ५९ टक्क्यांवर जाते. खेळ तोच, खेळणारा तोच, भांडवल तेच. फरक फक्त एवढाच की भांडवलाला वाढायला जे मिळत होते त्यातले बहुतेक घरात गेले आणि वाईट काळ सोसायला मागे काही उरले नाही. हे सगळे प्राप्तिकर शून्य धरून. कर धरला तर शक्यतेची भाषाच संपते, कारण मग सरासरी महिनाच तोट्याचा होतो.

आपल्या ५२ रात्री सुरळीत पार पडल्या, कारण २३ हरलेल्या रात्रींनंतर घरातला किराणा पगारातून आला. वहीत त्या पगाराचा रकाना नाही. हे लिहिताना मला माझ्या मामाची आठवण येते. तो परळच्या एका गिरणीत साचेखात्यात होता आणि रोज मटका लावायचा. शून्य ते नऊ असे दहा आकडे, आणि एकेरी आकडा लागला तर रुपयाला नऊ रुपये, एवढ्यावरून कुणालाही हिशेब करता यावा. त्याची खिशात मावेल अशी लहानशी डायरी होती आणि आकडा लागला की तो तीत हिरव्या शाईने लिहायचा. १९७९ मध्ये मी दहावीत असताना मामीने वाण्याची उधारीची वही माझ्यापुढे टाकली. वाणी जास्त रक्कम लावतो असा तिला संशय होता आणि माझे गणित बरे होते. बेरजा तपासून झाल्यावर सहज म्हणून मी मामाची डायरी शेजारी ठेवली. ज्या आठवड्यांत हिरवी शाई नव्हती, त्याच आठवड्यांत वाण्याच्या वहीत तेल, गूळ, पाच किलो तांदूळ, पुन्हा तेल अशा ओळींमागून ओळी होत्या. वाणी चोख होता. मामाही खोटे बोलत नव्हता. गेलेल्याचे काय लिहायचे, एवढेच तो म्हणाला. त्याच्या खेळाची दुसरी अर्धी वही वाण्याकडे होती आणि ती मामी फेडत होती. आपल्या घरी ती दुसरी वही म्हणजे आपली पगाराची चिठ्ठी आहे, आणि नोकरी सोडण्याने आपण नेमकी तीच बंद करणार आहात.

पत्त्यांच्या खेळात कसबाने कॅसिनोवर मात करता येते हे गणिताने दाखवून देणारे अमेरिकेतील एडवर्ड थॉर्प यांचे नाव आपल्याला ठाऊक असेल. ब्लॅकजॅकमध्ये पत्ते मोजून खेळणाऱ्याला मिळणारी सरशी सुमारे एक टक्क्याची होती. ती सिद्ध करताना आणि नंतरही कितीतरी वर्षे त्यांनी विद्यापीठातील अध्यापन सोडले नव्हते, आणि १९६९ मध्ये त्यांनी आपली विद्या गुंतवणूक निधी चालवण्याकडे वळवली. ज्याच्याजवळ सरशी होती त्या माणसानेही आपले घर तिच्यावर टांगले नाही.

भविष्यनिर्वाह निधीला हात लावू नये. नोकरीबरोबर मालकाचा १२ टक्के वाटा, उपदान (ग्रॅच्युइटी) आणि गटविमा जातो. त्या विम्याच्या जागी तिघांचा आरोग्यविमा स्वतः घ्यावा लागेल. पुढे कर्ज लागले तर बँक उत्पन्नाचा दाखला मागेल आणि आपल्याजवळ दाखवण्यासारखे काही नसेल. ऑनलाइनचा विचारही परत करू नये. २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ, मग ते कसबाचे असोत वा नशिबाचे, चालवण्यावर बंदी आणली आहे आणि बँकांनाही त्यांचे व्यवहार करण्यास मनाई आहे. परदेशी संकेतस्थळांवर आडमार्गाने पैसे पाठवणाऱ्याला पैसे अडकल्यास दाद मागायला जागा नसते, आणि वर परकीय चलनाच्या कायद्याचा प्रश्न उभा राहतो तो वेगळाच.

आपण नोकरी सोडू नये असे माझे स्पष्ट मत आहे. खेळ आवडतो म्हणून खेळायचे असेल तर वर्षाला किती रक्कम पूर्ण गेली तरी घराला झळ लागणार नाही, ती पत्नीबरोबर बसून ठरवावी आणि वेगळ्या खात्यात ठेवावी. वहीत चार नवे रकाने आखावेत: त्या रात्रीच्या जिंकलेल्या रकमेवरचा ३१.२ टक्के कर, चिप्सवरचा जीएसटी, रेकचा अंदाज आणि फेरीचा खर्च. मागच्या ५२ रात्रींचे रकाने आधी भरावेत आणि ते पान पत्नीला दाखवावे.

प्रश्न : मी २४ वर्षांचा असून नांदेडला राहतो. पोकर खेळण्यासाठी मित्राचे काका मला तीन लाख रुपये द्यायला तयार आहेत. नफा निम्मा-निम्मा, तोटा त्यांचा, असे ठरले आहे. यात मला तर काहीच धोका नाही ना?

उत्तर : धोका आहे, आणि तो ठरावात न बोललेल्या गोष्टींत आहे. खेळाडू अशा व्यवहाराला स्टेकिंग म्हणतात आणि त्यात बहुतेक वेळा आधीचा तोटा पुढे ओढला जातो. पहिल्या चार महिन्यांत १,२०,००० रुपये गेले आणि पाचव्या महिन्यात १,००,००० आले, तर त्या पाचव्या महिन्यातही आपल्याला एक रुपया मिळत नाही, कारण अजून २०,००० रुपये भरून यायचे असतात. पाच महिने जेवणखाण, खोली आणि प्रवास कुणाचा, हे काकांना आजच विचारावे. जिंकलेली रक्कम आपल्या नावाने कॅसिनोतून उचलली जाईल, त्यामुळे कराचा बोजाही आपल्या पॅन क्रमांकावर येईल आणि तो आपल्या निम्म्या वाट्यावर नव्हे तर पूर्ण रकमेवर मागितला जाऊ शकतो. कागदावर करार केला तरी त्याच्या आधारे न्यायालयातून वाटा वसूल होईल असे महाराष्ट्रात धरून चालू नये. त्याचे कारण पुढच्या उत्तरात येते. २४ व्या वर्षी पाच वर्षे अशी गेली तर त्यानंतर नोकरीच्या अर्जात त्या वर्षांसमोर काय लिहायचे, हाही पैशाचाच प्रश्न आहे.

प्रश्न : माझे पती पुण्यात खासगी नोकरीत आहेत. गेली सहा वर्षे ते रेसवर पैसे लावतात आणि नोकरी सोडून हेच करणार असे म्हणतात. त्यांनी बँकेचे चार लाखांचे वैयक्तिक कर्ज घेतले आहे आणि एका ओळखीच्या गृहस्थाकडून रेससाठी म्हणून दोन लाख महिना पाच टक्के व्याजाने घेतले आहेत. ते गृहस्थ आता माझ्याकडे पैसे मागतात. मी शिक्षिका आहे. आमची तीन लाखांची मुदत ठेव दोघांच्या नावे आहे. मला हे कर्ज फेडावे लागेल का?

उत्तर : ताई, आपण ज्या कर्जावर सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून सही केलेली नाही, ते फेडण्याची जबाबदारी केवळ पत्नी म्हणून आपल्यावर येत नाही. बँकेच्या कर्जाची कागदपत्रे एकदा स्वतः पाहून सही नसल्याची खात्री करून घ्यावी. पतींच्या दृष्टीने मात्र ते कर्ज पूर्ण खरे आहे. पैसा रेसमध्ये गेला या कारणाने बँकेचे देणे माफ होत नाही.

ओळखीच्या गृहस्थांची गोष्ट वेगळी आहे. भारतीय करार कायद्याच्या कलम ३० प्रमाणे पैजेचा करार रद्दबातल असतो. घोड्यांच्या शर्यतीतील विजेत्याला द्यायच्या ५०० रुपये किंवा त्याहून मोठ्या बक्षिसासाठीची वर्गणी एवढाच त्याला अपवाद आहे. देशाच्या इतर भागांत पैजेसाठी दिलेले कर्ज किंवा केलेल्या भागीदारीतला वाटा वसूल होऊ शकतो, परंतु जुन्या मुंबई इलाख्यात १८६५ च्या एका कायद्याने पैजेला पूरक असलेले करारही रद्दबातल ठरवले आहेत, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये घेरूलाल पारख यांच्या खटल्यात निकाल देताना हा फरक नोंदवला आहे. शर्यतींच्या पैजेला हे कसे लागू होते त्याबाबत वकिलाचा सल्ला घ्यावा, पण त्या गृहस्थांच्या मागणीला घाबरून आपण स्वतः एक रुपयाही देऊ नये, कारण एकदा दिलेला हप्ता ही कबुली म्हणून पुढे केली जाते. शिवाय व्याजाने पैसे देण्याचा व्यवसाय करायला महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ प्रमाणे परवाना लागतो. ते इतरांनाही असेच पैसे देत असतील आणि परवाना नसेल, तर सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधक कार्यालयात तक्रार करता येते.

पतींच्या बेताविषयी थोडक्यात लिहितो आहे असे वाटू नये, पण वर पहिल्या उत्तरात सांगितलेला सगळा हिशेब रेसलाही लागू आहे आणि येथे तो अधिकच कडक आहे. महालक्ष्मीला काय किंवा पुण्यात काय, टोटवर, म्हणजे रेस क्लबच्या सामाईक पैजेत, लावलेले सगळे पैसे एकत्र जमा होतात, त्यांतून क्लबचा वाटा आणि कर निघतो आणि जे उरते तेच जिंकणाऱ्यांत वाटले जाते. सगळ्यांचे मिळून जेवढे जाते त्याहून कमीच परत येते, म्हणून रोज जाणाऱ्याला इतरांपेक्षा थोडे नव्हे तर पुष्कळ सरस असावे लागते. शर्यतीचा अंदाज कसबाचा असतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये म्हटले आहे आणि रेस खेळणारे ते वाक्य नेहमी सांगतात. कसब आहे म्हणून कर कमी लागत नाही, आणि हरलेल्या पैशाची वजावटही मिळत नाही.

आपण आता करायच्या गोष्टी अशा. आपला पगार फक्त आपल्या नावाच्या खात्यात जमा होईल असे शाळेला लेखी कळवावे. दागिने आपल्या नावाच्या लॉकरमध्ये हलवावेत. ते स्त्रीधन आहे आणि त्यावर आपलाच हक्क आहे. पतींशी बोलणे होत नसेल किंवा आपल्यालाच ताण सोसेनासा झाला असेल, तर टेलि-मानस या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून आणि विनामूल्य बोलता येते. पतींसाठीही तीच सेवा आहे. राहिली मुदत ठेव. तीवर ‘दोघांपैकी कोणीही’ अशी सूचना असेल तर मुदत संपल्यावर बँक एकाच्याच सहीने पैसे देऊ शकते, म्हणून ही सूचना कोणती आहे ते याच आठवड्यात शाखेत जाऊन पाहावे, दोघांच्या सहीची अट घालता येईल का ते व्यवस्थापकांना विचारावे आणि जाताना ठेवीची मूळ पावती सोबत न्यावी.